माणिकबाईंचा स्वीडन

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास माधव नगरातल्या त्या कोपऱ्यावरच्या घरात पेटीचा सूर लागायचा, मागून टाळ, आणि त्या दोघांना झाकून टाकणारा माणिकबाई भिंगारदिव्यांचा आवाज. आवाज तरी कसला! सरकारी कन्याशाळेत जन्मभर पी.टी. शिकवली बाईंनी. 'हळू बोला' म्हटलं की त्या हळू बोलतात, आणि पलीकडच्या गल्लीतला माणूस वळून बघतो.

आणि देवाकडं मागणं काय? पेन्शन वाढू दे? गुडघा बरा होऊ दे? नाव काढू नका. "हे प्रभू, स्वीडनला जागं कर!" घ्या! ज्या गावात रस्ता ओलांडायचा तर महाकालच्या यात्रेकरूंच्या ई-रिक्षांमधून अंग चोरून जावं लागतं, त्या उज्जैनमध्ये बसून ही बाई दर बुधवारी स्वीडनसाठी घसा फोडून राहिली होती. तिथल्या लोकांचा देवावरचा विश्वास उडालाय, तो परत यावा, चर्चं पुन्हा भरावीत, एवढंच मागणं. सोबत चर्चमधल्या चार-पाच जणी, आणि पेटीवर अंबिकाबाई. अंबिकाबाईंना जगाच्या नकाशात स्वीडन दाखवायला सांगितला असता तर त्यांनी बोट ऑस्ट्रेलियावर ठेवलं असतं, पण प्रार्थना मात्र मन लावून करत.

गल्लीला त्याचं काही नव्हतं. माणिकबाईंचं घराणं मूळचं महाराष्ट्रातल्या नगरकडचं, आणि तिकडच्या ख्रिस्ती घरांत भजन म्हणतात ते टाळ-पेटीवर, जुन्या अभंगांच्या चालीत. त्यामुळे बगलच्या घरातल्या कल्पनावहिनींचं भजनी मंडळ आणि माणिकबाईंचा बुधवार, दोन्हींचा सूर एकच. समोरच्या हिंदी घरांना तर वाटायचं, मराठी लोगों का एक और भजन मंडल है, बस. कल्पनावहिनींना सगळं ठाऊक होतं, पण त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. माणिकबाईंच्या जोडीतला एक टाळ हरवला तेव्हा त्यांनी मंडळाची जोडी आणून दिली आणि परत मागितलीच नाही.

आता स्वीडनच का, हे सांगायला हवं. जपान का नाही? शेजारचं देवास गाव का नाही?

तर माणिकबाईंचा एकुलता एक मुलगा विहंग स्वीडनला, गोथेनबर्ग नावाच्या गावी नोकरीला. नवरा गेल्यावर बाईंनी एकटीनं वाढवलेला. लहानपणी रविवारी चर्चमध्ये सगळ्यात पुढच्या बाकावर बसून भजन म्हणायचा तो, डोळे मिटून. दोन वर्षांपूर्वी त्यानं आईला उन्हाळ्याचे तीन महिने तिकडं नेलं. पहिल्याच रविवारी बाई ठेवणीतली पैठणी नेसल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाल्या, "चल, चर्चला."

चर्च बघून बाईंची छाती दडपली. केवढं ते! दगडी, उंच, रंगीत काचा. आत मात्र बोटांवर मोजता येतील एवढी म्हातारी माणसं. आपल्याकडं लग्नाच्या मांडवातून पाहुणे निघून गेल्यावर खुर्च्या दिसतात ना, तसे सगळे बाक रिकामे. माणिकबाईंना रडूच आलं. त्यांच्या आजीला अक्षरओळख झाली ती अशाच कुठल्या तरी थंड देशातून आलेल्या गोऱ्या बाईमुळे. स्वतःचं घरदार सोडून नगरच्या उन्हात मरायला आली होती ती. आणि तिच्या गावात आता ही गत! मागं वळून बघतात तर विहंग शेजारी नाही. तो बाहेर पायरीवर कॉफी पीत उभा होता.

"आई, मी आता मानत नाही," घरी आल्यावर तो म्हणाला. "खूप दिवस झाले. तुला सांगणार होतो. इथं कुणीच मानत नाही, आणि कुणाचं काही बिघडलेलंही नाही."

"तू बिघडलास ना," माणिकबाई म्हणाल्या. त्यापुढं त्यांना काही सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

पण ही बाई गप्प बसणारी असती तर काय हवं होतं! पुढच्या शनिवारी विहंग ऑफिसच्या कामात अडकलेला बघून त्या एकट्याच त्या चर्चच्या पायऱ्यांवर गेल्या आणि पिशवीतून टाळ काढून भर रस्त्यात मराठी भजन लावलं. लोक थांबले, हसले, काहींनी फोटो काढले. एका तरुणानं मोबाईल काढून इंग्रजीत विचारलं, पैसे कुठं पाठवू? बाई भडकल्या. "नो मनी! गो इनसाइड!" म्हणत त्यांनी चर्चच्या दाराकडं असं बोट दाखवलं की तो बिचारा खरंच आत गेला. एक म्हातारी मात्र आपणहून जवळ आली, बाईंचा हात धरून उभी राहिली आणि शेवटपर्यंत हलली नाही. तिचं नाव इंग्रिड. दोघींची मैत्री झाली ती तिथं.

विहंग संध्याकाळी लालेलाल. "लोकांना वाटलं तू भीक मागतेयस!"

"मागतच होते," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्याकडं नाही."

उज्जैनला परत आल्यावर त्यांचं ठरलं. पोरगं एकटं उठायला तयार नाही ना, मग अख्खा देश उठवायचा. सगळे उठले की हाही उठेल. एका लेकरापायी बाईंनी देवाकडं देशच्या देश मागितला. प्रत्येकीला स्वीडनचं एकेक गाव वाटून दिलं. अंबिकाबाईंना उप्साला, कुणाला माल्मो, कुणाला उमेओ. उच्चाराची ऐशी की तैशी, देवाला पत्ता माहीत आहे. तिकडं इंग्रिड त्याच वेळी आपल्या स्वयंपाकघरात दोन शेजारणींना घेऊन बसायची आणि इथल्या फोनवर दिसायची. गोथेनबर्ग माणिकबाईंनी स्वतःकडं ठेवलं होतं. सगळ्यात शेवटी त्या विहंगचं नाव घेत. आडनावासकट, खणखणीत. मग पोहे, वर शेव, सोबत जिलबी, आणि सभा बरखास्त.

माशी शिंकली ती इथंच. गल्लीत कुणी नवीन भाडेकरू आला, त्यानं कान देऊन ऐकलं, कुणाला तरी सांगितलं, त्यानं आणखी कुणाला. आठ दिवसांत गोष्ट अशी झाली की कोपऱ्यावरच्या घरात परदेशी लोक फोनवर मंत्र देतात आणि पोहे-जिलबी खिलाके लोगों का धर्म बदलवाते हैं.

हे सांगायला आले प्रभाकरराव. कल्पनावहिनींचे यजमान, बँकेतून निवृत्त, कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी. पूर्वज शिंदे संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे बोलणं अजूनही दरबारी. चहा झाला, गुडघ्याची चौकशी झाली, मग मुद्दा निघाला.

"पोह्यांवर?" माणिकबाई ओरडल्या. "अहो प्रभाकरराव, पोह्यांवर माणसं बाटायला लागली तर देवास गेटच्या ठेल्यांवर रोज सकाळी अख्खं उज्जैन बाटलं असतं!"

प्रभाकररावांना हसू आवरेना, पण ते कामाला आले होते. "मला कळतं हो. पण माहौल बघा ना जरा. मी बंद करा म्हणत नाही. दार-खिडक्या लावून घ्या, टाळ-पेटी नको, हळू आवाजात करा. तुमच्या काळजीनंच सांगतोय, माणिकताई. आणि एक विचारू? इथं दुखणी काय कमी आहेत? आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!"

"आग तिथंच लागलीय," बाई म्हणाल्या. "माझं लेकरू तिथं आहे. आणि दार का लावू? मी काय चोरी करून राहिले? तुमच्या घरचं भजन उघड्या दारानं आणि माझं लावलेल्या? तुम्हीच सांगा, कुठला न्याय हा?"

प्रभाकररावांनी चष्मा पुसला, उठले आणि गेले. माणिकबाईंना राग आला नाही, वाईट वाटलं. वाईट माणसानं सांगितलं असतं तर झिडकारून मोकळ्या झाल्या असत्या. भल्या माणसाचं काय करायचं?

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यातून एक जमादार आला. वयस्क, पोट सुटलेला, जिना नसतानाही दम लागलेला. खुर्चीवर बसून म्हणाला, "अम्माजी, शिकायत आई है. कहते हैं आपके यहाँ धर्म-परिवर्तन होता है."

"होता है ना," माणिकबाई म्हणाल्या.

अंबिकाबाई तिथंच होत्या. त्यांच्या हातातला पाण्याचा पेला लवंडला. दारात कान लावून उभी असलेली गल्ली आणखी पुढं सरकली.

"मगर इधरवालों का नहीं, भैय्या. स्वीडनवालों का. उनके बाप-दादे क्रिस्तान थे, वो भूल गए. उनको वापस लाने का है. बोलो, कोई तकलीफ है आपको?"

जमादारानं टोपी काढून टक्कल खाजवलं. "स्वीडन अपने थाने में नहीं आता, अम्माजी," तो गंभीरपणे म्हणाला. मग उठता उठता आवाज खाली आणून बोलला, "पर थोड़ा देख लीजिए. आवाज कम रखिए, दरवाजा बंद. जमाना ठीक नहीं है."

तो गेला आणि गल्ली पोट धरून हसली. पण हसणं एकीकडं आणि भीती एकीकडं. अंबिकाबाईंचा मुलगा सरकारी नोकरीत. त्या घरी जाताना माणिकबाईंची नजर चुकवून म्हणाल्या, "थोडे बुधवार राहू दे, ताई." बाकीच्यांनी तर सांगितलंही नाही. चर्चच्या पाळकांचा फोन आला, त्यांचंही तेच: प्रार्थना मनात केली तरी देव ऐकतो. "देव ऐकतो हो," माणिकबाई म्हणाल्या, "पण मनातल्या मनात मी कधी शाळेची प्रार्थनासुद्धा घेतली नाही." आणि फोन ठेवल्यावर मात्र पलंगावर बसून राहिल्या. आपलं चुकत तर नाही ना? आपल्या हट्टापायी अंबिकाच्या घरावर काही आलं तर? हा विचार त्यांना खाऊ लागला. त्यांनी ठरवलं, कुणाला बोलवायचं नाही. ज्याचं त्याला. आपलं आपल्याला.

बुधवार आला. माणिकबाईंनी सवयीनं सतरंजी अंथरली. पेटी तशीच बंद. दार लावलेलं होतं. सकाळपासून त्यांनी ते उघडलं नव्हतं, आणि का उघडलं नाही ते त्यांना कळत होतं. पाचला फोन वाजला. इंग्रिड असेल म्हणून उचलला, तर विहंग.

"आई, पोलीस आले होते घरी? अमोलनं कळवलं मला." अमोल म्हणजे प्रभाकररावांचा मुलगा, विहंगचा शाळेतला मित्र. "तू सांगितलं का नाहीस? बंद कर हे सगळं. मी तिकीट काढतो, कायमची इकडंच ये. इथं तुला कुणी काही म्हणणार नाही. कितीही मोठ्यानं प्रार्थना कर, चोवीस तास कर, कुणी दारात येणार नाही."

"तेच तर," माणिकबाई म्हणाल्या. "इथं निदान कुणी ऐकतं तरी. तक्रार करायला का होईना, कान देऊन ऐकतात. तिथं रिकाम्या बाकांना ऐकवू?"

"आई, थट्टा नको. तुला काही झालं तर?" त्याचा आवाज चिरकला. मग एकदम चिडून म्हणाला, "आणि माझं नाव घेतेस म्हणे त्यात. अख्ख्या गल्लीसमोर. अमोल सांगत होता. मी कुणी आजारी आहे का? हरवलोय का? देश-बिश काय मागायचं ते माग, पण माझं नाव घ्यायचं नाही. मला नाही आवडत. इतकं तरी ऐकशील माझं?"

माणिकबाईंचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदरानं पुसले. राग म्हणावा तर राग, माया म्हणावी तर माया, पण आवाज मात्र शाळेच्या मैदानावरचा लागला.

"पोलिसांनी सांगितलं, आवाज कमी कर. प्रभाकररावांनी सांगितलं, दार लाव. पाळक म्हणाले, मनात कर. त्यांचं एक वेळ ऐकलं असतं मी. पण तुझं नाही ऐकणार. तुझं नाव मी ठेवलंय, विहंग. ते घ्यायला मला तुझीसुद्धा परवानगी लागत नाही."



बाईंनी फोन सतरंजीवर तसाच चालू ठेवला. उठल्या. दार उघडलं, सताड. मग एकेक करत खिडक्या. समोरच्या गॅलरीत दोन बायका धुणं काढता काढता थांबल्या. प्रभाकरराव फाटकात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. कल्पनावहिनींनी मात्र घातली नाही, त्या तिथंच कट्ट्यावर बसल्या. पेटीला कुणी नव्हतं. माणिकबाईंनी टाळ घेतले आणि एकटीनं भजन उचललं. मग गावं घेतली, सगळ्या बायकांच्या वाट्याची. उप्साला, माल्मो, उमेओ. शेवटी गोथेनबर्ग. आणि मग दम घेऊन, पार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात:

"विहंग नामदेव भिंगारदिवे!"

फोनवर विहंग रडत होता. पण त्यानं फोन ठेवला नाही.