ब्रेकबाईंचा बिघाड सापडला

ब्रेकबाई गाडी चालवायला शिकवायच्या. शेजारच्या सीटवरून "ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!" असा त्यांचा गजर चालायचा, म्हणून शिकणाऱ्यांनीच हे नाव चिकटवलेलं. सिगारेटचं तर नाव काढायची सोय नव्हती. गाडीत कुणी पेटवली, की त्याला भर रस्त्यात उतरवायच्या.

एका सकाळी खुद्द त्यांच्याच हातून गाडी दिव्याच्या खांबाला घासली. खांब डावीकडे होता आणि त्यांना तो दिसलाच नव्हता. तपासण्या झाल्या. फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली आणि तिथून निघालेल्या पेशींनी मेंदूत जागोजागी ठाण मांडलेलं. नवऱ्याने ते कागद पुन्हा पुन्हा वाचले.

"इतक्यात हातपाय गाळू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू. त्या पेशींच्या जनुकांत काही ठरावीक बिघाड असतात. त्यातला एखादा सापडला, तर नेमकी त्याच्यावरची गोळी असते. काही गोळ्या मेंदूपर्यंतही छान पोचतात."

"आणि नाही सापडला तर?" ब्रेकबाईंनी विचारलं.

"तर रेडिएशन आहे, दुसरी औषधं आहेत. पण आधी बघू तर खरं!"

मग सुरू झालं वाट बघणं. फोन वाजला, की ब्रेकबाई, नवरा आणि लेक तिघंही एकदम धावायची. नवरा शिंपी, हात इतका सफाईदार की बघत राहावं. पण त्या दिवसांत त्याने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. लेक ओरडली, "बाबा, हे कोण घालणार?" आणि कितीतरी दिवसांनी घरात हसू फुटलं.

फोन आला तेव्हा ब्रेकबाई दुकानातच बसल्या होत्या. नवरा एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप बघत होता.

"सापडला!" डॉक्टरीणबाईंचा आवाज दुकानभर घुमला. "आपल्याला हवा होता तोच बिघाड! उद्याच या, गोळ्या सुरू करू."

"अहो, ऐकलंत का? सापडला!" ब्रेकबाई ताडकन उठल्या. नवऱ्याच्या तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या. लेकीने आईला गच्च मिठी मारली. एका बाहीच्या कोटातलं ते गिऱ्हाईक काय सापडलं हे न कळताच टाळ्या पिटू लागलं. बिघाड सापडला म्हणून एवढा आनंद कुणाला झाला असेल?

गोळ्यांनी पाय सुजले, थकवा आला. डावीकडचं त्यांना अजून दिसायचं नाही, म्हणून नवरा जेवणाचं ताट मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला सरकवून ठेवायचा. काही आठवड्यांनी त्या जेवताना एकदम म्हणाल्या, "अहो, डावीकडे मीठ कशाला लपवलंय?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अगं, तुला दिसलं?"

"दिसलं म्हणून तर विचारतेय ना!"

पुढच्या स्कॅनचं चित्र डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासमोर फिरवलं. मेंदूतले ठिपके आक्रसले होते, काही तर शोधूनही सापडेनात. "आजार मुळासकट गेला असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्या चालू ठेवायच्या, तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण औषध लागू पडलंय, झकास लागू पडलंय!"

"मग गाडी?"

"आत्ता नाही. आणखी काही महिने बघू."

ब्रेकबाईंनी तोंड वाकडं केलं खरं, पण पाय जमिनीवर ठरत नव्हते. घरी येताच त्यांनी शिकणाऱ्यांना फोन लावले. संध्याकाळी सगळे दुकानात जमताच कापड बेतायच्या टेबलावर खडूने रस्त्यांचा चौक आखला, बटणांच्या गाड्या मांडल्या आणि पदर खोचून विचारलं, "हं, सांगा, आधी कुठली गाडी जाणार?"