पाटकऱ्याने केलेली कागदांची वाटणी

खिडकी आपटत होती, एवढंच निमित्त. जोलचुबेकने टेबलावरचा नदीतला गोटा उचलला आणि खिडकीच्या फटीत सारला. खिडकी मुकाट झाली; पण त्या गोट्याखाली दाबून ठेवलेले त्रेसष्ट कागद तलास खोऱ्यातल्या वाऱ्याबरोबर उठले, छतापर्यंत गेले, तिथे क्षणभर घुटमळले आणि खोलीभर उतरले. एकाने तर जोलचुबेकच्या चहाच्या वाटीवर झाकणासारखी बैठक मारली.

कागद सायराकान एजेंचे होते. थोरल्या बहिणीच्या मानाने अख्खं खोरं त्यांना एजे म्हणायचं. वय एकाहत्तर. फ्रुंझेला, तेव्हाच्या राजधानीत, शिकायला होत्या तेव्हा खोलीएवढं गणकयंत्र एकच, आणि त्यावर आठवड्याला वीस मिनिटं वाट्याला यायची. म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर वाचायचा, पेन्सिलीने खुणा करायच्या आणि मगच यंत्राला द्यायचा, ही सवय लागली ती लागलीच. पुढे देश बदलला, ते यंत्र भंगारात गेलं, एजेंनी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सवय काही गेली नाही. आता त्यांचा लॅपटॉप क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला असे. रुमाल घडी करून ठेवायचा, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: हा माझा प्रोग्रॅम, हा प्रोसेसर, याच्या असेंब्लीत, म्हणजे याला कळणाऱ्या बारीक आज्ञांत, उतरवून दे. हे भाषांतर करणारा कम्पायलर मुकाट्याने उतरवून देई. मग एजे ते छापून काढत आणि ओठ हलवत ओळ न् ओळ वाचत. ते गठ्ठे पाहून पोस्टातली बाई म्हणायची, “एवढी लांब पत्रं या बाईंना लिहितं तरी कोण!”

सध्या या वाचनावर कुरू-बुलाक गावाचं पाणी अडलं होतं.

पाटावर तीन दारं, तीन गावं, आणि प्रत्येक दारावर एक पेटी. पेट्या तीन वेगवेगळ्या प्रकल्पांनी बसवलेल्या. प्रत्येकाने आपली पेटी लावली, पेटीशेजारी उभं राहून फोटो काढला आणि निघून गेला. त्यामुळे निळ्या पेटीत एक प्रोसेसर, करड्या पेटीत दुसरा, आणि पाटाच्या शेवटाला, कुरू-बुलाकच्या दारावर, हिरव्या पेटीत तिसरा, सगळ्यांत लहान. एजेंनी तिन्हींसाठी एकच प्रोग्रॅम लिहिला होता. पेटीत पाळीचे तास भरायचे. दार उघडायचं आणि तास संपले की मिटायचं. चार उन्हाळे बिनबोभाट गेले.

या वसंतात जोलचुबेक पाणीवाटप संघाच्या सभेत उभा राहिला. अठरा वर्षं पाटकरी असलेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. “वरच्या गावाला चौदा तास आणि कुरू-बुलाकला आठ? ते काय चिमण्यांचं गाव आहे का?” आणि त्याने बारा तास मंजूर करून घेतले. गेल्या आठवड्यात त्याने स्वतःच्या बोटाने हिरव्या पेटीत बारा भरले. दार वीतभर उचललं गेलं, आणि लगेच मिटलं. पुन्हा भरले, पुन्हा वीतभर, पुन्हा बंद. हाताने उघडावं तर दाराचं चाक संघानेच काढून ठेवलेलं, कारण एका उन्हाळ्यात चाकावरून भांडण होऊन फावडी निघाली होती. आठ तास भरून निदान तेवढं पाणी घ्यावं, हे पेटीला शिव्या घालण्याच्या नादात कुणालाच सुचलं नाही.

त्या गावात जोलचुबेकची सासुरवाडी होती. सासूबाईंचा फोन आला. “जावईबापू, तुमचे बारा तास पोचले हं. माझ्या बकरीने एका घोटात संपवले.”

संघाने बदली पाळी दिली, शुक्रवारी सकाळी सहाला. ती हुकली तर पुढचं पाणी दहा दिवसांनी. घेवडा ऐन फुलोऱ्यात होता. दहा दिवसांनी नुसत्या काड्या भिजल्या असत्या. आणि आज गुरुवार होता, दुपार होती, एजे शेजारी दही आणायला गेल्या होत्या, आणि कागद जमिनीवर होते.

पानांवर आकडे नव्हते. सगळ्या पानांवर आखूड आखूड ओळी, सगळ्यांत r होते, सगळ्यांत स्वल्पविराम होते. जोलचुबेकने एक पान उलटं धरून पाहिलं. फारसा फरक पडला नाही. गठ्ठे तीन होते एवढं त्याला आठवत होतं. मग अठरा वर्षं जे केलं तेच त्याने केलं. त्याने समान वाटणी केली. एकवीस, एकवीस, एकवीस. कडा ठोकून सरळ केल्या, वर गोटा ठेवला आणि तळलेल्या कणकेचे बोरसोक खात बसला.

एजे आल्या. चष्मा लावला. हिरव्या पेटीचा गठ्ठा हातात घेतला आणि थबकल्या.

“हा बारीक कसा झाला?”

“काय, एजे?”

“सकाळी छत्तीस पानं होती. छोट्या प्रोसेसरला प्रत्येक गोष्ट फोड करून सांगावी लागते, त्याचा गठ्ठा नेहमी जाड असतो.” त्यांनी बाकीचे दोन हातांनी तोलले. “आणि हे दोघं फुगले. कम्पायलर शहाणा झाला की बिघडला?”

त्यांनी वाचायला सुरुवात केली. चौथ्या पानावर ओठ हलायचे थांबले. मागे गेल्या, पुढे आल्या. “इथे उडी मारायला सांगतोय, आणि उडी मारायची ती जागाच नाही. मधेच दुसऱ्याच प्रोसेसरची नावं!” रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. गणिताच्या बाईंचा माणसावर संशय जात नव्हता, हीच तर पंचाईत होती. चूक यंत्रात, तारेत, पंपात, कम्पायलरमध्ये, कुठेही असू शकते. समोर बोरसोक खाणाऱ्यात असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. तासभर त्या कम्पायलरला बोल लावत होत्या आणि तासभर जोलचुबेक एकच बोरसोक चघळत होता. आपण नक्की काय केलंय हेच त्याला उमगत नव्हतं, तर कबूल काय करणार?

शेवटी कुरू-बुलाकचा घेवडा त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि त्याने बोरसोक खाली ठेवला.

“एजे, कागद उडाले होते. मी पुन्हा लावले.”

एजेंनी चष्म्यावरून पाहिलं. “कसे लावलेस?”

“समान.”

एजेंनी तिन्ही गठ्ठे उचलून एकत्र केले.

“वाटणी पाण्याची कर, जोलचु,” एजे म्हणाल्या. “कागदांची करत जाऊ नकोस.”

“पुन्हा छापू या ना.”

“शाई संपली. ती आणायला तलास शहरात जावं लागतं. बस खाली.”

दोघं जमिनीवर बसले. एजे सांगू लागल्या. ज्या पानावर a0, s0 अशी नावं, ते निळ्याचं. ज्यावर r0, r3 आणि मधेच lr, ते करड्याचं. ज्यावर r24, r25 अशी जोडीजोडीने नावं, ते हिरव्याचं.

“ही नावं कोणाची?”

“प्रोसेसरच्या आतल्या खणांची.”

“म्हणजे गोदामातल्या कप्प्यांसारखी?”

“नाही.”

“मग पाटाच्या चाऱ्यांसारखी?”

“नाही. खणांसारखी. पान दे.”

प्रोग्रॅम एकच, मग तीन तऱ्हेने का सांगायचा, हे त्याने तीनदा विचारलं. तीनदा उत्तर मिळालं. तीनदा मान डोलावली. आत सगळं गढूळ ते गढूळच. पण पानं मात्र वेगळी होत गेली. जमिनीवर तीन रांगा लागल्या, एका कामाची तिन्ही पानं शेजारी शेजारी. एजे गुडघ्यांवर रांगत रांगत वाचत होत्या. एरवी त्या एकेक गठ्ठा स्वतंत्र वाचत. असे तिघे एका ओळीत कधी झोपवले नव्हते. पाळीचे तास सेकंदांत मोडायच्या जागेशी त्या आल्या. निळं पान पाहिलं, करडं पाहिलं, हिरवं पाहिलं. पुन्हा निळं.

“जोलचु, पेटीत तास किती भरलेस?”

“बारा. सभेत मंजूर झालेत, एजे. मीच—”

“आधी किती असायचे?”

“आठ.”

एजेंनी पेन्सिल काढली आणि हिरव्या पानाच्या कडेला गुणाकार केला. आठ तासांचे सेकंद अठ्ठावीस हजार आठशे. बारा तासांचे त्रेचाळीस हजार दोनशे. “निळा आणि करडा हा आकडा एका मोठ्या खणात ठेवतात. हिरव्याकडे दोन छोटे खण. त्यांत बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर मावत नाही.”

“मग वरचं सांडतं?”

“सांडत नाही. आकडा उलटतो. उणे होतो. पेटीला वाटतं, पाळी संपून कितीतरी तास झाले. ती दार मिटते.”

पाळी सुरू होण्याआधीच कशी संपेल, हे जोलचुबेकच्या डोक्यात शिरेना. त्याने हातातलं पान खाली ठेवलं. चेहरा पडला. बारा तास त्यानेच मागितले होते, त्यानेच भरले होते. “मग मी पुन्हा आठ भरतो, एजे. गावाला मी सांगेन काय सांगायचं ते.”

“बारा तास दिलेस ना त्यांना?”

“दिले.”

“मग बारा.”

एजेंनी रुमाल काढला. प्रोग्रॅममध्ये स्वतःच लिहिलेला एक शब्द बदलला, आकड्याला जागा किती ते सांगणारा. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. छापायला शाई नव्हती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच त्या असेंब्ली पडद्यावरून वाचत होत्या, नाक जवळजवळ काचेला टेकवून. दोनच्या जागी चार खण झालेले त्यांनी बोटाने मोजले. दोनदा. मग लॅपटॉप दुलईत गुंडाळला, जोलचुबेकने निवा गाडी काढली, आणि ऊन कलायच्या आत नवा प्रोग्रॅम हिरव्या पेटीत गेला. वाटेत सासूबाईंनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याने गाडी चालवतोय असं सांगितलं, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं.

शुक्रवारी सहाला दार वीतभर उचललं गेलं. जोलचुबेक जवळ सरकला. दार आणखी वर गेलं आणि तिथेच राहिलं. पाणी आधी मातकट, मग स्वच्छ, घेवड्याच्या सऱ्यांत शिरलं. सासूबाई फावडं घेऊन पहिल्या सरीत उभ्या होत्या आणि कोणाशीच बोलत नव्हत्या. आठ वाजले, दहा वाजले, तरी तो दाराजवळून हलला नाही. आठवा तास उलटला, नववा उलटला, दहावाही गेला. पाणी चालूच होतं.

संध्याकाळी सहाला दार आपोआप मिटलं तेव्हा त्याने एजेंना फोन लावला.

“एजे, बाराच्या बारा तास! शेवटची सरीसुद्धा भिजली!” मग त्याचा आवाज खाली आला. “पण एक सांगा. पेटी तिच्या हिशोबाने बरोबर होती, कम्पायलर सांगितलं तेवढंच करतो, आणि बारा तर मी भरले. रात्रभर विचार केला, पत्ता लागत नाही. मग चूक कोणाची होती?”

“माझी. ठेव फोन.”