आईंनी मला ॲडलेडला पाठवलं

मला ऑस्ट्रेलियाला माझ्या सासूने पाठवलं. एकटीला. चार वर्षांची मुलगी मागे ठेवून.

काल दुपारी कोल्हापुरात आई गेल्या. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.

मेलबर्नमध्ये ॲक्टिंगचं करिअर कसं काय जमवलंस, असं कुणी ना कुणी विचारतंच. मी एजंट, ऑडिशन, ॲक्सेंट असं काहीबाही सांगते. आज खरं सांगते.

२००७. आम्ही स्टुटगार्टला होतो. माझा नवरा संदीप एका गिअरबॉक्स कंपनीत इंजिनिअर. मी घरी, ईशाला सांभाळत, जर्मन शिकत.

पुण्यात कॉलेजात एकांकिका केल्या होत्या. ती हौस मी स्टुटगार्टमधल्या एका इंग्रजी हौशी ग्रुपमध्ये भागवायचे. तालमी चर्चच्या हॉलमध्ये. आमची दिग्दर्शिका हेलन ऑस्ट्रेलियन होती. ती ॲडलेडला परत गेली आणि तिथे कास्टिंगचं काम करायला लागली.

एक दिवस तिची मेल आली. एका टीव्ही सिरीजमध्ये छोट्या गावातल्या हॉस्पिटलमधली भारतीय नर्स हवी आहे. चार एपिसोड. टेप पाठव.

संदीपने हँडीकॅमवर शूट केलं. सोफा म्हणजे पेशंटची कॉट. आई नुकत्याच तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, कोपऱ्यात बसून घेवडा मोडत बघत होत्या.

नाटक त्यांनी कधी शेवटपर्यंत बघितलं नव्हतं. मध्येच डुलकी लागायची. पण एकतीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होत्या.

"नर्स अशी उभी राहत नाही," म्हणाल्या.

मग तासभर शिकवणी. आत शिरल्यावर आधी सलाईनकडे बघायचं, मग पेशंटच्या चेहऱ्याकडे. हाताची घडी घालायची नाही. आणि वाईट बातमी उभ्याने सांगायची नाही. स्टूल ओढायचं, बसायचं, मग बोलायचं.

दहा दिवसांनी रोल मिळाला. शूटिंग पाच आठवडे, ॲडलेडजवळ.

मी नाही म्हणायचं ठरवलं. संदीपचा प्रोजेक्ट ऐन लाँचवर. ईशाचं किंडरगार्टन. आईंना जर्मनचं अक्षर येत नाही. संदीप जाऊ नको म्हणाला नाही. जा असंही म्हणाला नाही. नकाराची मेल लिहून ठेवली आणि जेवताना घरात तसं सांगून टाकलं.

आईंनी ताटातून मान वर केली. त्यांच्या व्हिसाचे अजून दोन महिने होते, त्यात माझे पाच आठवडे सहज बसतात, म्हणाल्या.

"अहो आई, पण ईशा..."

"मृणाल, संदीप दहा महिन्यांचा असताना मी कामावर हजर झाले होते. शेजारच्या काकूंकडे ठेवून. मोठा झालाच ना तो? ड्युटी लागली की जायचं."

ड्युटी.

माझ्या अभिनयाला तोपर्यंत हा शब्द कुणी वापरला नव्हता. मीसुद्धा नाही.

मी गेले.

किंडरगार्टनमधून मुलीला आणायला आजीला फोलमाख्ट लागतं, म्हणजे आमच्या सहीचं अधिकारपत्र. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या रोज पर्समधून न्यायच्या. आमचा रस्ता सगळा चढाचा. साडी, वर संदीपचं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. ईशा जर्मनमध्ये बोलायची, त्या कोल्हापुरी मराठीत. दोघींचं अगदी मजेत चाललंय, असं संदीप फोनवर सांगायचा.

तिकडे शेवटच्या एपिसोडमध्ये मला एका बाईला तिचा नवरा गेल्याचं सांगायचं होतं. डायरेक्टरने दाराशी उभं राहून बोलायला सांगितलं होतं. मी भीत भीत विचारलं, स्टूल घेऊन बसू का?

बसले.

टेक संपल्यावर डायरेक्टर म्हणाला, हाच ठेवू या.

त्या एका सीनवर मला एजंट मिळाली. पुढची तीन कामंही त्यावरच.

परत आले तेव्हा एअरपोर्टवर ईशा धावत आली. तिच्या कपाळावर डाग होते. हातांवरही.

कांजिण्या. मी गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. एकशे तीन ताप. दोघांपैकी कुणीही मला एका शब्दाने कळवलं नव्हतं.

घरी येऊन मी आईंवर खूप चिडले. नको ते बोलले.

"हो, लपवलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "कळलं असतं तर तू विमानात बसली असतीस. कांजिण्यांना नर्स लागते. ती घरात होती."

मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी संदीपने सांगितलं. ईशाने खाजवू नये म्हणून आई तो सगळा आठवडा तिचे हात हातात धरून खुर्चीतच झोपल्या होत्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी माझ्यापुढे बटाटे सरकवले. आम्ही दोघी सोलत बसलो.

२००९ मध्ये संदीपने मेलबर्नला नोकरी शोधली. माझ्यासाठी. पहिली कित्येक वर्षं मी नर्स, नर्स, दुकानदाराची बायको आणि पुन्हा नर्स. मग डॉक्टर. मग वकील. गेल्या वर्षी पहिला सिनेमा, ज्यात मी कुठल्या देशाची हे कुणी विचारतच नाही.

मधल्या काळात हुकलेले रोल कितीतरी. प्रत्येक वेळी मी कोल्हापूरला फोन करायचे. आई समजूत घालत नसत. पुढची ऑडिशन कधी, एवढंच विचारायच्या. नसली तर म्हणायच्या, मग शोध.

माझे एपिसोड बघतानाही त्यांना डुलकी लागायची. मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही.

जर्मनीत मी दिवसातून वीस वेळा डांके, म्हणजे थँक्यू, म्हणायचे. बेकरीतल्या बाईला, बस ड्रायव्हरला, दार धरणाऱ्या कुणालाही. आईंना एकदाही म्हटलं नाही. आपल्या घरात असं म्हणत नाहीत, म्हणून.

मी, संदीप आणि ईशा आज निघतोय. पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल.

आई, मला कामाला लावल्याबद्दल, आणि माझी मुलगी सांभाळल्याबद्दल, मनापासून आभार. हे तुमच्यासमोर बसून म्हणायचं होतं.

नमस्कार करते.