कुलूप लावलेल्या दाराशी विचारपूस

“थांबायचं न्हाई म्हनलं ना! चला सरळ. त्या दारात काय ठिवलंय तुमचं?”

मावशी ओरडत होत्या. आवाज असा, की तिकडं पारनेरच्या बाजारातल्या शेळ्या दावी तोडून थेट कर्जतच्या वाटेला लागल्या असतील. मी गल्लीच्या तोंडाशी मोबाईलवर सहा मिनिटं लावून उभा होतो. आणि मावशींचे मालक, ज्यांना मी आबा म्हणतो, ते तिसऱ्या घरापुढं थांबून आत विचारत होते, “काय, ज्वारी काढली का?”

ज्वारी केव्हाच काढून झालेली. तिच्या कडब्याची गंज आबांच्या पाठीशीच उभी होती.

नगरच्या एका दवाखान्यात मी नोकरीला आहे. तंबाखू-बिडीनं पायाची रक्तवाहिनी गच्च बसते, मग आमचे सर त्याच माणसाची दुसरी शीर काढून मांडीपासून गुडघ्याखाली जोडतात. शहराबाहेरून ट्रकला वळणरस्ता काढून द्यावा तसा रक्ताला काढून देतात. अशा ऑपरेशननंतर कोणाला काय गुंतागुंत होते, यावर सरांचं संशोधन चाललंय. ऑपरेशन सर करतात, गुंतागुंत मी विचारतो. दर महिन्याला फोनवर आणि अधूनमधून घरी जाऊन. या कामात मी इतका चहा प्यायलोय, की माझी शीर कापली तर आधी आल्याचा वास येईल.

अडचण अशी, की आमच्या भागात दारी आलेल्या माणसाला कोणी दुखणं सांगत नाही. त्याला घोंगडी टाकायची, पाणी द्यायचं आणि ‘बरं हाय’ म्हणायचं. साप चावलेला माणूससुद्धा आधी ‘बसा’ म्हणेल, चहा होऊ देईल आणि मी गाडीला किक मारली की साप दाखवेल. म्हणून ‘दुखतं का’ यावर मी विश्वास ठेवत नाही. मी विचारतो, न थांबता कुठपर्यंत जाता? गावात मीटर चालत नाहीत. कोणी म्हणतं मारुतीपर्यंत, कोणी शाळेपर्यंत. ते अंतर मी पावलांनी मोजून फॉर्मवर मीटरमध्ये लिहितो. निम्म्या जिल्ह्यातल्या मारुतींची घरापासूनची अंतरं मला पाठ आहेत. खुद्द मारुतीला नसतील.

आबा ऑपरेशनच्या आधी घरापासून नळापर्यंत जायचे आणि पोटरी धरून बसायचे. नंतर मारुतीपर्यंत जाऊ लागले. मग पार फाट्यापर्यंत. सर खूश होते. मी फोन केला की आबा म्हणायचे, “फाट्यापतुर जातो.”

“दुखतं का?”

“न्हाई. बरं हाय.”

गुंतागुंतीच्या रकान्यात मी लिहायचो, ‘नाही’. असं बरेच महिने चाललं.

आता माझी एक खोड इथं सांगायला हवी. मला साधं बोलता येत नाही. पहिल्या भेटीत आबा फॉर्मकडं संशयानं बघत होते, तेव्हा मी म्हणालो होतो, “आबा, अख्खं जग तुमच्या पायाकडं डोळे लावून बसलंय. अमेरिकेतले डॉक्टर सकाळी उठून आधी तुमचा अंगठा कसा आहे ते विचारतात, मग चूळ भरतात.” ओसरीवरचे सगळे हसले. आबा हसले नाहीत. मला वाटलं, त्यांना कमी ऐकू येतं.

तर त्या दिवशी सरांनी चालण्याची चाचणी घ्यायला पाठवलं होतं. चहा देताना मावशी सांगत होत्या, “ह्ये मानूस मयताला गेलं तरी दोन शब्द बोलायचं न्हाई. आन् आता फाट्याला निघालं की दर दाराशी हुबं. तब्येत कशी, म्हस व्याली का, पाव्हनं आलं का. लोक म्हनत्यात, आपरेशननं सोभाव लई ग्वाड झाला.”

मी हसलो. लाज वाटते, पण हसलो. मग नियम सांगितला, की सहा मिनिटं चालायचं, दम लागला तर थांबलं तरी चालेल. मावशींनी त्यातलं शेवटचं सोडून बाकीचं धरलं आणि नवऱ्याला परीक्षेला बसवल्यासारख्या मागं लागल्या.

“कुनाशी बोलताय तुमी?” त्या पुन्हा ओरडल्या. “कवाच पुन्याला गेलीत ती मान्सं.”

मी जवळ गेलो. दाराला कुलूप होतं. आबांनी एका हातानं कडी धरली होती आणि उजवी टाच जमिनीवर टेकू देत नव्हते.

त्यांना पायरीवर बसवलं. मोजा काढला. पाऊल रांजणासारखं थंड होतं. माझ्याकडं रक्ताचा आवाज ऐकायचं छोटं यंत्र असतं. डाव्या पायावर ते पिठाच्या गिरणीसारखं चाललं. उजव्यावर नुसती खरखर. मी जागा बदलली, पुन्हा मलम लावलं, पुन्हा ऐकलं.

“कधीपासून दुखतंय, आबा?”

“दिवाळीच्या आधीपासनं.”

“मला का नाही सांगितलं?”

आबा मोजा घडी करत राहिले. “डाक्टरांनी लई जीव लावला. तुमी म्हनला, भायेरच्या देशातली मान्सं बघत्यात. म्या दुखतंय म्हनायचं आन् त्यांच्या इद्येला बट्टा लागायचा.”

मी यंत्र पिशवीत टाकलं आणि सरांना फोन लावला.

त्याच दुपारी आबांना नगरला आणलं. जोडलेली शीर आतून आवळत आवळत बंद झाली होती. सर मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “दिवाळीत कळलं असतं तर रुंद करता आली असती.” त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं. दोन दिवस त्या शिरेतून पायाला रक्त गेलं, मग ती पुन्हा बंद झाली. अंगठा काळा पडला, मागोमाग शेजारची बोटं. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

मग मी आबांचे फॉर्म घेऊन बसलो. आमच्याकडं चूक खोडरबरानं पुसत नाहीत. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं, सही आणि तारीख. खालचा शब्द वाचता आला पाहिजे असा नियम आहे. दिवाळीच्या आधीपासूनच्या प्रत्येक ‘नाही’वर मी रेघ मारली. त्या दिवशी मी कोणालाही काही रंगवून सांगितलं नाही. शिपाई विचारत होता, ताप आहे का.

पाय गेला म्हणून संशोधनातून नाव जात नाही. महिना भरला तसा मी पारनेरच्या रस्त्याला लागलो. ऊन होतं, गाडी होती, पिशवीत तोच फॉर्म होता. आबा ओसरीवर खाटेला टेकून बसलेले, शेजारी लोखंडी वॉकर. मावशींनी पाणी दिलं. चहा ठेवू का, ते विचारलं नाही, ठेवलाच.

मी फॉर्म उघडला. छापलंय तेवढंच वाचलं. “न थांबता कुठपर्यंत जाता?”

“उंबऱ्यापतुर.”

“दुखतं का?”

आबांनी एकदा मावशींकडं पाहिलं, मग फॉर्मकडं.

“व्हय,” ते म्हणाले. “लिवा.”