तुमच्या आईची दुपारची फेरी

तुमच्या आईला विचारूनच हे लिहिते आहे. ती फोनवर हसली आणि म्हणाली, "लिहा, पण डब्यांचंही लिहा." म्हणून डब्यांपासूनच सुरुवात करते.

कॉलेजातून निवृत्त होऊन मी, तुमची आजी, सिंगापूरला तुमच्या बाबांकडे राहायला आले, तेव्हा थोरली नुकती शाळेत जाऊ लागली होती आणि धाकट्याचा अजून पत्ता नव्हता. घर तिथल्या बुकित पंजांग नावाच्या भागात. आल्या आल्या मी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, पुसले, त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि उंचीप्रमाणे लावून ठेवले. तुमची आई म्हणाली, "छान दिसतंय." मग चपला घालून बाहेर पडली.

ती रोजच दुपारी जायची. "कुठे?" म्हटलं की "इथेच." थोरलीला विचारलं, तर चित्र रंगवता रंगवता ती शाळेत उचललेल्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "ममा टेक ट्रेन, ला."

खुलासा फोनवरून झाला. गणपतीत भेटलेल्या एक बाई होत्या. "वहिनी, रागावू नका हं. पण तुमची सून त्या छोट्या ट्रेनमध्ये बसते आणि उतरतच नाही. गोल गोल फिरते. स्वतःशी बोलते म्हणे. एकदा दृष्ट काढून टाका. मोहऱ्या लिटिल इंडियात चांगल्या मिळतात."

हेच कुणीतरी तुमच्या बाबांच्याही कानावर घातलं होतं. त्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, विश्रांती हवी. मग ठरलं, की तिने काही महिने पुण्याला माहेरी जावं आणि थोरलीने इथेच राहावं, शाळा बुडायला नको. ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं. शनिवारी तिकीट काढायचं होतं. "आई, तू तिला समजाव," ते मला म्हणाले. "तुझं ती ऐकते."

मी हो म्हटलं. फडकं घेऊन पुसलेलंच पुन्हा पुसत राहिले.

मी वर्षानुवर्षं मुलींना अमेरिकन कथा शिकवल्या. त्यातल्या कितीतरी कथांत एक बाई असते आणि तिचं डोकं फिरतं. वाईट माणूस कुणीच नसतो. नवरा प्रेमळ, डॉक्टर सभ्य, शेजारी काळजी करणारे. सगळे मिळून तिच्या भल्याचं ठरवतात आणि ती हळूहळू भिंतीशी बोलू लागते. परीक्षेत माझा प्रश्न ठरलेला असे, नायिकेच्या वेडाची कारणं लिहा. मुली कारणं लिहीत, मी गुण देत असे. आता माझ्याच घरात प्रेमळ नवरा होता, सभ्य डॉक्टर होता, फोन करणाऱ्या बाई होत्या. आणि समजवायला मला धाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चिनी आजींकडे थोरलीला बसवलं आणि सुनेला म्हटलं, "मीही येते." तिचा चेहरा उतरला. पण नाही म्हणाली नाही.

ही गाडी तुमच्यातल्या धाकट्याने पाहिलेली नाही. लहानशी, बिनड्रायव्हरची, उंच पुलावरून इमारतींच्या मधून वळसा घालून निघाल्या जागी परत येते. इमारतींना इतकी खेटून जाते, की लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून तेवढ्यापुरत्या तिच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात. आम्ही दोघी शेजारी बसलो. एक काच पांढरी झाली, तशी ती म्हणाली, "इथे आपलं घर येतं."

"दिसत तर काहीच नाही."

"हो. म्हणून बरं वाटतं."

एक फेरी पूर्ण झाली. ती उतरली नाही, म्हणून मीही बसून राहिले. मग विचारूनच टाकलं, "अगं, तू स्वतःशी काय बोलतेस?"

"भांडते."

"कुणाशी?"

"कधी ह्याच्याशी. हल्ली तुमच्याशी."

"माझ्याशी कशावरून?"

"डब्यांवरून. मला डोळे मिटून मोहरी सापडायची, आई. आता चिठ्ठी वाचावी लागते."

मी म्हटलं, "मग कोण जिंकतं?"

"तुम्हीच. म्हणून दुसरी फेरी मारते." आणि ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. समोरचे एक आजोबा उठून पलीकडे जाऊन बसले.

तिचं पुण्यातलं प्रयोगशाळेतलं काम सुटलं होतं. इथे ती नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या पासवर आलेली, त्यावर स्वतःची नोकरी सहज मिळत नसे. दिवसभर कुणी ना कुणी तिला विचारत असे, जेवलीस का, झोपलीस का, कंटाळतेस का. त्या अमेरिकन बायकांना एकटेपणाने वेड लागलं असं मी शिकवायचे. हिला एकटं बसायला एवढी एकच जागा होती, आणि माहेरी तर तेवढीही मिळाली नसती.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, "तिकीट काढू नकोस."

"आई, लोक बघतात तिच्याकडे."

"बघू देत."

"हे तुझं कॉलेजमधलं चाललंय. गोष्टीत ठीक असतं."

"गोष्टीतही ठीक नसतं. शेवट मला माहीत आहे."

तेवढ्यात तुमची आई आतून आली. पोळीचं पीठ हाताला तसंच होतं. ती माझ्याकडे नाही, बाबांकडे बघत म्हणाली, "मी जाणार नाही. माझी मुलगी इथे आहे."

"आणि ती ट्रेन?"

"ट्रेनने रोज जाईन. रोज परत येते, ते कुणी सांगितलं नाही का तुला?"

शनिवार आला आणि गेला, तिकीट निघालं नाही.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी काढल्या. पण आधी ते कसे लावलेले होते, ते मला आठवेना, म्हणून सगळे ओट्यावर ठेवून दिले. तिने ते एका दुपारी, बाहेर पडायच्या आधी, आपल्या पद्धतीने लावले.

त्या दुपारी थोरली आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होतो. गाडी आली की नेमकी आमच्या समोर पांढरी व्हायची.

"ममा ह्यात आहे?"

"असेल."

तिने हात हलवला. पुढच्या गाडीलाही हलवला, त्याच्या पुढच्यालाही. मी चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. मग दाराशी चपला वाजल्या.