माझ्या नावावरचं हृदय

माझ्या हृदयात दोष निघाला ते पंधरा दिवस मी फार सुखात काढले.

मी मूळचा केशोरीचा. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, निवृत्त झालो आणि गोंदियाला लागून कुडव्यात घर बांधलं. मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली. घरात उरलो मी आणि माझी बायको कुंदा. म्हणजे मी ज्याला शिकवू शकेन असं घरात एकच माणूस शिल्लक होतं, आणि तिला शिकण्याची फारशी हौस नव्हती.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीत हृदयरोगावर संशोधन करणारं एक पथक आलं. एकाच घरात राहून, एकाच चुलीवरचं खाऊन, नवरा-बायकोपैकी कुणाच्या हृदयाला धोका जास्त असतो आणि झटका येण्याआधी तो ओळखता येतो का, हे त्यांना तपासायचं होतं. वस्तीतले लोक नाव द्यायला कचरत होते. मी सर्वात आधी दोघांचं नाव दिलं. विज्ञानाला आपली मदत झाली पाहिजे असं माझं मत होतं. (कुंदाला मी विचारलं नव्हतं.)

पथकातली पल्लवी नावाची मुलगी घरी येऊन प्रश्न विचारू लागली.

"काका, तंबाखू, खर्रा खाता?"

"कधीमधी," मी म्हणालो.

"दिवसाचे तीन," आतून आवाज आला.

"व्यायाम?"

"नियमित."

या वेळी आतून काहीच आलं नाही. कुंदा पदर तोंडाला लावून हसत होती, हे मला दारातून दिसत होतं.

मग तिची पाळी आली. "काकू, तुम्हाला काही त्रास?"

"काई नाई जी. पाणी भरताना धाप लागते जराशी. कधी कधी जबडा दुखते."

"दाढ किडली आहे तिची," मी मधेच म्हणालो. जबडा दुखण्याचा हृदयाशी काही संबंध असू शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त दाढ माहीत होती, आणि जे माहीत आहे ते सांगून टाकायची मला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांच्या छातीवर तारा चिकटवून कमरेला एकेक छोटा डबा बांधला. चोवीस तास तो हृदयाचे ठोके टिपणार होता. सोबत प्रत्येकाला एक कार्ड दिलं. त्या दिवसात कोणत्या वेळी काय केलं, ते त्यावर लिहायचं होतं. माझं अक्षर चांगलं असल्यामुळे दोन्ही कार्डं मीच भरली. माझ्या कार्डावर लिहिलं : पहाटे साडेपाच ते साडेसहा योगासने, सकाळी वाचन, संध्याकाळी सहा वाजता वेगाने चालणे. वास्तविक साडेपाचला मी पांघरुणात होतो आणि संध्याकाळी सहाला ओसरीत खर्रा चघळत होतो. पण उद्या संशोधनात नाव येईल, आणि तिथे आपण झोपलेले दिसणं बरं वाटेना. कुंदाच्या कार्डावर मी पहिल्या ओळीत लिहिलं 'घरकाम', आणि खाली शेवटपर्यंत 'तेच' 'तेच' अशा खुणा केल्या.

डबे दुसऱ्या दिवशी दहा वाजता समाजभवनात जाऊन पथकाकडूनच काढून घ्यायचे होते. पण अंगाला खाज सुटली होती, आणि तारा काढण्यात काय एवढं शास्त्र आहे? मी नऊ वाजताच माझ्या आणि तिच्या तारा काढल्या. दोन्ही डबे टेबलावर ठेवले. पथकाने दिलेल्या दोन पिशव्यांवर आमची नावं आणि डब्यांचे नंबर लिहिलेले होते. एक डबा एका पिशवीत टाकला, दुसरा दुसरीत.

"थो माहा डबा होय जी," कुंदा म्हणाली. "तुमी तुमच्या पिशवीत टाकून रायले."

"मले शिकवू नको," मी म्हणालो. चष्मा कपाटावर होता. डब्यामागचा बारीक नंबर वाचायला तो लागला असता, आणि तो आणायला उठावं लागलं असतं.

समाजभवनात कुंदासमोरच पल्लवीने विचारलं, "काका, नंबर पाहून टाकले ना?"

"पाहून टाकले," मी म्हणालो.

आठ दिवसांनी फोन आला. पल्लवीने हळू आवाजात सांगितलं, "काका, घाबरू नका. तुम्ही व्यायाम करता त्या वेळी हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा दिसतात. योगासनं आणि चालणं बंद करा. आराम करा. आणि दोन-तीन दिवसांत हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा."

योगासनं मी त्याच क्षणी बंद केली. डॉक्टरांकडे जायचं मात्र धाडस होईना. छाती फाडतात, तारा घालतात, असं बरंच ऐकलं होतं. "आधी विश्रांती घेऊन पाहतो," असं मी जाहीर केलं आणि खाटेवर पडलो.

बातमी पसरली आणि माणसं भेटायला येऊ लागली. शेजारचे दुकानदार रोज यायचे. "मास्टरजी, टेन्शन मत लो, बस आराम करो," असं म्हणून तासभर बसायचे. येणाऱ्या प्रत्येकाला कुंदा चहा द्यायची. कुणी लांबून आलं असलं तर पोहे. माझ्यासाठी बिनतेलाची भाजी वेगळी, पाहुण्यांसाठी वेगळी. माझा धाकटा भाऊ भाऊराव केशोरीहून नव्या तांदळाचं कट्टं, म्हणजे भरलेलं पोतं, घेऊन आला आणि ते ओसरीतच टाकून बस गाठायला निघाला. मी उचलायला जातो असं म्हणालो, तर कुंदा ओरडलीच, "तुमी हात नोका लावू." मग तिने ते कट्टं एकटीने ओढत ओढत आतल्या खोलीत नेलं आणि दाराशी बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय झालं?" मी खाटेवरून विचारलं.

"काई नाई. दाढ."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," मी म्हणालो.

इथपर्यंत आठवताना अजून थोडं हसू येतं. पुढचं आठवलं की येत नाही.

महाशिवरात्र जवळ आली होती. माझं हृदय सुधारावं म्हणून कुंदाने प्रतापगडच्या महादेवाला नवस बोलला. अर्जुनी मोरगावकडची जत्रा, डोंगर चढून वर जायचं, तेही उपवासाच्या पोटी. मी सोबत गेलो, पण अर्थातच चढायला नाही. पायथ्याशी सावली पाहून बसलो. उसाचा रस घेतला. मग आणखी एक घेतला. कुंदा गर्दीबरोबर वर निघाली. जाताना दोनदा मागे वळून मी नीट बसलो आहे की नाही ते तिने पाहिलं.

तिच्याबरोबर चढलेल्या बाया खाली आल्या, त्यांच्या मागून चढलेल्या आल्या, पण ही येईना. आली तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम होता. आल्या आल्या तिने मला विचारलं, "काऊन जी, बरे आहा ना?"

"मी बरा आहे. एवढा उशीर कशाला?"

"चढताना मधात तीनदा बसली मी."

"वजन कमी कर जरा," मी म्हणालो, आणि उरलेला रस तिला दिला. निम्मा ग्लास होता.

शेवटी मुलीने रायपूरहून फोनवर दम भरला तेव्हा पंधराव्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते संशोधनाच्या पथकातलेच होते. त्यांनी माझा ईसीजी काढला, तपासलं, पुन्हा तपासलं. मग समोर आलेख आणि माझं कार्ड ठेवून बसले.

"गुरुजी, आजचं तुमचं सगळं व्यवस्थित दिसतंय. पण या आलेखात पहाटे साडेपाच ते साडेसहा हृदयावर फार ताण आहे. कोणती आसनं करता?"

खोटं बोलायला हरकत नव्हती, पण आसनांची नावं येईनात. "खरं सांगू का," मी म्हणालो, "त्या वेळी मी झोपलो होतो."

"झोपला होतात? झोपेत असा ताण येत नाही. बरं, संध्याकाळी सहाला?"

"बसलो होतो."

डॉक्टर गोंधळले. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीवरून कुंदा म्हणाली, "साडेपाचले नळ येते जी. मी पाणी भरत होती. आन् संध्याकाळी वरच्या टाकीत बादल्या चढवत होती, मोटर बिघडली होती तं."

डॉक्टरांनी फोन करून मला दिलेल्या डब्याचा नंबर रजिस्टरमधून मागवला, आलेखावरच्या नंबराशी ताडून पाहिला. तो जुळेना. मग त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि ते कुंदाकडे वळले. "काकू, इथे झोपा जरा," ते म्हणाले. "पायऱ्या चढून आलात ना आता? दुखतंय का कुठे?"

"जबडा," कुंदा म्हणाली.

त्याच दिवशी तिला नागपूरला नेलं. हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडून आत जाळी बसवेपर्यंत मी बाहेर बाकावर बसून होतो. भेटायला कुणी आलेलं नव्हतं आणि चहा विचारायला कुणी नव्हतं. पंधरा दिवसांत तिने भरलेल्या बादल्या, केलेले चहा, ओढलेलं कट्टं आणि तो डोंगर, सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर येत होतं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." हे वाक्य ऐकून मला जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्याही शिवीने वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी तिच्या पलंगाशी बसून मी म्हणालो, "चुकलं माझं. डबा तुझाच होता."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "सांगतलं होतं ना मी तुमाले."

"मग पुन्हा काऊन नाही बोललीस?"

तिने थोडा विचार केला. "तुमी म्हणलं ना, नंबर पाहून टाकले. मले वाटलं, मास्तर माणूस आहे, पाहूनच टाकले असन."

तिच्या अंगावरचं पांघरूण नीट होतंच, ते मी पुन्हा नीट केलं.

आता कुंदा बरी आहे. गोळ्या चालू आहेत, फिरायला जाते. पाणी मी भरतो. पहिल्याच आठवड्यात मला अशी धाप लागली की मी स्वतःहून ईसीजी काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, फक्त सवय नाही."

परवा पल्लवी पुन्हा आली होती, पुढच्या माहितीसाठी. मी शेजारी गप्प बसलो होतो. मधे बोलायचं नाही, अशी मला घरूनच ताकीद होती.

"काकू, हृदयाला धोका वाढवणाऱ्या गोष्टी विचारते. तंबाखू?"

"नाई."

"साखर?"

"नाई."

"रक्तदाब?"

"जरासा."

"आणखी काही?"

"यायचं नाव लिवा," कुंदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

पल्लवीने हसू दाबत माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं मी पोरांच्या उत्तरांतून अर्धा-अर्धा गुण कापला आहे, पण या उत्तराला पूर्ण गुण द्यावेच लागले.