मॅडमची नजर

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना पायाला भिंगरी लागलेली. क्षणभर मायक्रोस्कोपला डोळा लावतील, की लगेच उठून येरझाऱ्या. पोटातल्या दुर्मीळ गाठी ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण शंका आली की त्या मला भंडावून सोडत. "हा गाठीचा तुकडा पुन्हा कापा, आणखी पातळ!" कापायचंही मी आणि बोलणी खायचीही मीच.

त्या दुपारी डबा खाऊन मी एक नवी स्लाइड त्यांच्यापुढे ठेवली. बघता बघता त्या ताडकन उठल्या. "लहान आतड्यातली गाठ आहे ही. लाखात एखाद्याला होते. पेशंटचे कागद वाचा बघू!"

पेशंटला कित्येक वर्षं जुलाब होत होते आणि जेवल्यावर चेहरा लालबुंद व्हायचा. टेन्शन घेऊ नका, एवढं सांगून प्रत्येक डॉक्टरने त्याची बोळवण केली होती. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"मेले आंधळे!" येरझाऱ्या घालत मॅडम कडाडल्या. "गाठ रक्तात रसायन सोडते, म्हणून चेहरा लाल होतो. समोर बसलेला माणूस दिसत नाही यांना?"

मी कागद खाली ठेवले. माझे गाल भाजत होते, कान तापले होते. मॅडम वळल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचे पाय पहिल्यांदाच जागच्या जागी थांबले.

"तुम्हाला हे कधीपासून होतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही माझं नाव टोमॅटो पाडलंत ना मॅडम," मी म्हणालो, "त्याच्याही आधीपासून."